दूर उभे राहून रडणारे

नगरी जळते आहे, पण जळताना ती आपल्याला एकदाही दिसत नाही. दिसतो तो फक्त धूर, आणि तोही दुसऱ्यांच्या डोळ्यांतून. नव्या करारातलं शेवटचं पुस्तक म्हणजे ‘प्रकटीकरण’. त्याच्या १८ व्या अध्यायात मोठ्या बाबेल नगरीवर देवाचा न्याय कोसळतो. २४ वचनांचा हा अध्याय. त्यात ना एखादी भिंत ढासळते, ना कुणी माणूस आगीत सापडल्याचं चित्र येतं. गारा, टोळधाडी, रक्त झालेला समुद्र यांची वर्णनं करताना ज्याने कधी हात आखडता घेतला नाही, तो कवी (त्याला कवीच म्हणायला हवं) नेमक्या या क्षणी आगीकडे पाठ करतो आणि आग बघणाऱ्यांच्या चेहऱ्यांकडे बघू लागतो. राजे रडतात, व्यापारी रडतात, खलाशी रडतात. दंड देवाचा आहे, पण अध्यायाची बरीचशी जागा माणसांच्या रडण्याने व्यापली आहे. या अध्यायाचं मोठेपण मला त्या निवडीत दिसतं. कोण रडतं, कशासाठी रडतं, किती अंतरावरून रडतं, हे कवी इतक्या बारकाईने नोंदवतो की वाचता वाचता आपल्याही अश्रूंची झडती घेतली जातेय असं वाटू लागतं.

पुस्तकाचा कर्ता स्वतःला योहान म्हणवतो. एजियन समुद्रातल्या पात्म नावाच्या लहानशा बेटावर असताना हे दर्शन झालं, असं सांगून तो ते आशिया प्रांतातल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागातल्या, सात मंडळ्यांना लिहून पाठवतो. इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया, लावदिकीया. रोमच्या राज्यात यातली बरीच शहरं व्यापाराने गबर झाली होती. लेखनाचा काळ बहुतेक अभ्यासक इ.स. ९५ च्या आसपास, सम्राट डोमिशियनच्या कारकिर्दीत धरतात. बाबेल म्हणजे रोम, हे त्या मंडळ्यांना फोडून सांगण्याची गरज नव्हती. यरुशलेमचं पहिलं मंदिर बाबेलच्या सैन्याने इ.स.पू. सहाव्या शतकात जाळलं, दुसरं रोमच्या सैन्याने इ.स. ७० मध्ये. एकाच जखमेवर पुन्हा घाव बसला, तेव्हा दुसऱ्या मारेकऱ्याला पहिल्याचं नाव मिळालं.

योहान हे लिहीत होता तेव्हा रोम जळत नव्हतं, हे मात्र लक्षात ठेवायला हवं. रोम तेव्हा ऐन भरात होतं. धडधाकट नगरीचं शोकगीत तिच्या वैभवाच्या दिवसांतच गायचं, ही हिब्रू संदेष्ट्यांची जुनी रीत. आमोसाने इस्राएलच्या समृद्धीच्या काळात इस्राएलसाठी असा विलाप केला होता. योहानाने ती रीत उचलली आणि तिला एक नवी कलाटणी दिली. त्याने विलाप स्वतः केला नाही. ज्यांना या नगरीने पोसलं, त्यांच्या तोंडी घातला.

नगरी स्वतः मात्र रडत नाही. संपूर्ण अध्यायात तिला एकच उद्गार दिलेला आहे आणि तोही मनातल्या मनात काढलेला: आपण राणी आहोत, विधवा नाही, शोक आपल्या वाट्याला कधी यायचा नाही. यशयाच्या पुस्तकात जुन्या बाबेलच्या तोंडी असाच अहंकार आहे, तिथूनच योहानाने तो घेतला. शोक आपल्याला शिवणार नाही असं म्हणणारी ही बाई आग लागल्यावर एक अक्षर बोलत नाही. याच्या शेजारी जुन्या करारातलं ‘विलापगीत’ ठेवून पाहावं. तिथे पडलेली यरुशलेम विधवेसारखी एकटी बसली आहे, पण तिला तोंड आहे. ती रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्यांना हाक मारते, आपलं दुःख बघायला सांगते, देवाशी भांडते, आपली चूकही कबूल करते. न्यायाला सामोरं जाणाऱ्या माणसाला बायबलमध्ये बोलण्याचा हक्क असतो. ईयोब तो वापरतो, यिर्मया वापरतो. बाबेल तो हक्क वापरत नाही. शोक नाकारणाऱ्याला शोकाची भाषा येत नाही, म्हणून तिच्यासाठी दुसऱ्यांना रडावं लागतं. आणि ते दुसरे कोण, तर तिचे भागीदार.

आधी पुढे येतात पृथ्वीचे राजे. त्यांच्यावर कवी फार शब्द खर्च करत नाही आणि आपणही करायला नको. त्यांनी तिच्यासोबत विलास केला. आता तिचा धूर पाहून ते ऊर बडवतात, पण लांबून. तिच्या यातनांची धग आपल्याला लागेल, ही त्यांना भीती. तिन्ही गटांत एक धृपद सारखं येतं: हाय, हाय, आणि एका तासात सगळं संपलं. धृपद तेच असलं तरी त्यात भरलेला मजकूर मात्र प्रत्येक गटाचा वेगळा. तिच्यावर न्याय आला असं फक्त राजे म्हणतात. राज्य चालवणाऱ्यांना निवाडा ओळखता येतो, कारण त्यांनी आयुष्यभर तो दुसऱ्यांवर केलेला असतो. व्यापारी म्हणतात की एवढी संपत्ती धुळीला मिळाली. खलाशी म्हणतात की ती ओसाड झाली. एकाच आगीकडे पाहून तिघे तीन वेगळ्या गोष्टी गमावतात.

व्यापारी येतात तिथे अध्यायाची चाल बदलते. ते रडतात, शोक करतात, आणि का, ते कवी लगोलग सांगून टाकतो: गिऱ्हाईक उरलं नाही. मग कवी तो सगळा माल आपल्यासमोर उतरवू लागतो. मोजायला बसलं तर २८ जिन्नस भरतात. सोनं, रुपं, रत्नं, मोती. मग तागाचं तलम कापड, जांभळं वस्त्र, रेशीम, किरमिजी वस्त्र. मग सुगंधी लाकूड, हस्तिदंताची भांडी, मौल्यवान लाकडाच्या वस्तू, पितळ, लोखंड, संगमरवर. दालचिनी, मसाले, धूप, सुवासिक तेल, ऊद. द्राक्षारस, तेल, सपीठ, गहू. गुरं, मेंढरं, घोडे, गाड्या. या यादीला क्रियापद नाही. एकामागून एक नावं येत राहतात, जहाजावरून गठ्ठे उतरवावेत तशी, आणि वाचणाऱ्याला त्या नावांची गोडी लागते. कवीने ती मुद्दाम लावली आहे असं मला वाटतं. निषेध करायला निघालेला माणूस इतक्या प्रेमाने माल मांडत नाही. आणि मांडलाच, तर त्या मांडणीत त्याचा काहीतरी हेतू असतो.

यादीतला जवळजवळ प्रत्येक जिन्नस त्या काळच्या रोमच्या घराघरांत शोधून काढता येतो. ते सुगंधी लाकूड उत्तर आफ्रिकेतून येई आणि त्याच्या मेजांचं श्रीमंतांना वेड होतं. सिसेरोने असं एक मेज पाच लाख सेस्टर्सेसना घेतल्याचं थोरल्या प्लिनीने नोंदवलं आहे. याच प्लिनीची दुसरी एक तक्रार आपल्या कानाला ओळखीची वाटावी: भारत दर वर्षी रोमचे पाच कोटी सेस्टर्सेस ओढून नेतो. ही यादी म्हणूनच मराठी वाचकाला सर्वस्वी परक्यांची म्हणून वाचता येत नाही. योहानाच्या थोडं आधी, पहिल्या शतकातच, एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये सोपारा, कल्याण आणि चौल ही बंदरं नोंदलेली आहेत, पैठणहून अकीक आणि तेरहून सुती कापड गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदराला जाई, असंही त्यात आहे. पाँपेईच्या राखेत १९३८ साली हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. तशाच घडणीच्या मूर्ती आपल्याकडे तेरला आणि भोकरदनला मिळाल्या आहेत. याच व्यापाराच्या काळात कल्याणच्या व्यापाऱ्यांनी कान्हेरीला दानं दिली, धेनुकाकटच्या यवनांनी कार्ल्याच्या चैत्यात खांब दिले. व्यापारातून आलेल्या पैशाचं पुढे काय होतं, याची उत्तरं एकाच प्रकारची नसतात. हे सगळं मी अशासाठी आठवतो, की या अध्यायातले रडणारे व्यापारी कुणी ठरलेले दुष्ट लोक नव्हेत. ते दूरदूरच्या बंदरांतले हिशेबी, कदाचित देवभोळेही, संसारी लोक आहेत. त्यांच्या रांगेत आपल्या किनाऱ्यावरचा एखादा सार्थवाह उभा असेल, तर त्यात नवल काही नाही.

भरताच्या नाट्यशास्त्रात करुण रसाच्या कारणांमध्ये प्रियजनांच्या वियोगाबरोबर वैभवाचा नाशही गणलेला आहे. भरत वैभवनाशाच्या दुःखाला खोटं म्हणत नाही, आणि योहानही म्हणत नाही. व्यापाऱ्यांचे अश्रू खरेच आहेत. प्रश्न असा, की ते कुणासाठी? आपल्या विलापात ते नगरीचं वर्णन करतात तेव्हा ती तलम ताग, जांभळं आणि किरमिजी नेसलेली, सोन्यारत्नांनी आणि मोत्यांनी मढलेली असते. जरा मागे जाऊन पाहिलं की ध्यानात येतं, हे तर त्यांच्याच यादीतले जिन्नस! त्यांनी विकलेला माल अंगावरून काढला, तर ती नगरी त्यांना आठवतच नाही. तिच्या रस्त्यांचा, तिच्यातल्या माणसांचा एका शब्दाने उल्लेख नाही. बिलाच्या कागदालाच त्यांनी साडी नेसवली आहे आणि तिच्यासाठी ते गळा काढताहेत. पूर्ण बायबलमध्ये माणसाच्या आपमतलबी दुःखाचं इतकं अचूक चित्र मला दुसरं माहीत नाही.

आता यादीचा शेवट. वर २८ जिन्नस म्हटलं, पण मी अखेरचा सांगायचा ठेवला. घोडे आणि गाड्या यांच्यानंतर येतात माणसांची शरीरं, आणि त्यांना जोडूनच माणसांचे जीव. म्हणजे गुलाम. यादी सोन्यापासून उतरत धान्यापर्यंत येते, धान्यावरून जनावरांपर्यंत, जनावरांवरून गाड्यांपर्यंत, आणि गाडीच्याही खाली माणूस. रोमच्या बाजारात हे काही आश्चर्याचं नव्हतं. देलोस बेटाचा बाजार एका दिवसात हजारोंनी गुलाम आणू आणि रवाना करू शकत असे, असं भूगोलकार स्ट्रॅबो सांगतो. योहानाने ज्या यहेज्केलाच्या पुस्तकावरून ही यादी बेतली, त्यातही माणसांचा व्यापार आहेच. पण तिथे तो पितळेच्या भांड्यांबरोबर मधेच कुठेतरी येऊन जातो. योहानाने तो तिथून उचलला आणि अगदी शेवटी ठेवला. भाष्य केलं नाही, आवाज चढवला नाही. रेशीम, दालचिनी, सपीठ यांच्या गोडीने वाचत वाचत आपण खाली येतो आणि अचानक आपल्या हातात माणसाचा जीव असतो. त्या क्षणी त्या सबंध यादीची गोडी तोंडात कडू होते. याच पुस्तकाच्या १० व्या अध्यायात योहान देवदूताच्या हातचं एक लहान पुस्तक खातो. ते तोंडात मधासारखं लागतं आणि पोटात कडवट होतं. यादीतही त्याने वाचकाला तेच खायला घातलं आहे.

तिसरे येतात तांडेल, खलाशी, समुद्रावर पोट भरणारे सगळे. तिघांमध्ये मला हे सर्वांत जवळचे वाटतात, आणि कवीलाही वाटत असावेत असं म्हणायला आधार आहे. राजे दूर उभे राहतात ते भीतीने. व्यापारी दूर उभे राहतात तेही भीतीने, तसं कवी स्पष्ट म्हणतो. खलाशीही दूरच उभे आहेत, पण त्यांच्या बाबतीत भीतीचं कारण दिलेलं नाही. त्यांचं दूर असणं समुद्राचं असावं, कातडी वाचवण्याचं नव्हे. डोक्यात धूळ घालून घेतात तेही फक्त तेच. आणि आपल्या तोट्याबद्दल बोलण्याआधी त्यांच्या तोंडून एक निखळ कौतुक निघतं: अशी नगरी दुसरी कुठली होती? राजांना तिची सत्ता आठवली, व्यापाऱ्यांना तिचं नेसणं. खलाशांना मात्र समुद्रावरून प्रथम दिसलेली ती नगरी आठवते. जहाजवाले तिच्यामुळे श्रीमंत झाले, हेही ते बोलून दाखवतात, नाही असं नाही. पण त्यांच्या दुःखात विस्मय मिसळला आहे, आणि विस्मय मिसळला की दुःखातला हिशेब थोडा सैल होतो.

खुद्द योहानालाही तिचा विस्मय वाटला होता. मागच्याच अध्यायात ती बाई जांभळ्या-किरमिजी वस्त्रांत, हातात सोन्याचा प्याला घेऊन त्याच्यासमोर येते तेव्हा तो थक्क होऊन बघत राहतो, आणि नवल कसलं करतोस म्हणून देवदूत त्याला टोकतो. एवढं लिहून ठेवणारा माणूस प्रामाणिक आहे. बाबेल सुंदर नसती तर हा सगळा अध्याय सोपा झाला असता.

खलाशांचा हा विलाप यहेज्केलाच्या २७ व्या अध्यायावरून आलेला आहे. तिथे सोर नगरी स्वतःच एक भव्य जहाज आहे. लबानोनच्या गंधसरूची डोलकाठी, मिसरच्या तलम कापडाचं शीड, आणि पूर्वेचा वारा ते भर समुद्रात फोडतो. किनाऱ्यावर खलाशी डोक्यात धूळ घालून घेतात, राखेत लोळतात. काव्य म्हणून मी यहेज्केलाला वरचं माप देईन. त्याचं जहाज डोळ्यांसमोरून हलत नाही. योहानाची करामत वेगळी. त्याने जहाज सोडलं, किनारा ठेवला, आणि किनाऱ्यावरच्यांना तीन गटांत उभं केलं. काळसुद्धा त्याने हलता ठेवला आहे: राजे रडतील, व्यापारी रडत आहेत, खलाशी रडले. मधे एकदा व्यापाऱ्यांसाठी तो पुन्हा भविष्यात जाऊन येतो, पण ओघ एकूण हाच. दंड पुढून येतो, समोर उभा राहतो आणि मागे जातो, तोवर आपण जागचे हललेलो नसतो.

आणि इथे, खलाशांच्या डोक्यातली धूळ खाली बसायच्या आत, आज्ञा होते: आनंद करा. स्वर्गा, पवित्र जनहो, प्रेषितांनो, संदेष्ट्यांनो, आनंद करा, देवाने तुमच्या बाजूने निवाडा केला आहे. हे वचन आजच्या वाचकाच्या घशाखाली सहज उतरत नाही, आणि उतरू नयेही. नीत्शेने हे पुस्तक सूडबुद्धीचा कळस म्हणून दाखवलं होतं, डी. एच. लॉरेन्सने मरणाच्या दारात लिहिलेल्या आणि १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अपॉकलिप्स’मध्ये या सगळ्याला दुबळ्यांचा मत्सर ठरवलं. त्यांचा आक्षेप मी झटकून टाकणार नाही. दुसऱ्याचं घर जळताना टाळ्या वाजवायला सांगणारा धर्म कुणाला हवा?

पण आनंद करायला कुणाला सांगितलंय, ते पाहिलं पाहिजे. याच पुस्तकाच्या ६ व्या अध्यायात वेदीखाली मारल्या गेलेल्यांचे जीव आहेत. किती काळ वाट पाहायची, आमच्या रक्ताचा न्याय कधी, असं ते ओरडून विचारतात. त्यांना एकेक पांढरा झगा मिळतो आणि आणखी थोडं थांबायला सांगितलं जातं. पर्गमच्या मंडळीला लिहिताना अंतिपा नावाच्या एकाचा उल्लेख येतो. त्याच शहरात त्याला मारलं होतं. ज्यांच्या फिर्यादीची तारीख कधीच लागत नाही, त्यांच्या कानी निकाल पडला तर त्यांनी काय करावं? आपण घरात बसून त्यांना संयम शिकवू शकतो. लॉरेन्सला सत्तेने चिरडल्याचा राग आणि सत्ता नसल्याचा मत्सर यांतला फरक दिसला नाही, असं माझं मत आहे. मत्सरी माणूस मालाची यादी माणसाच्या जिवावर आणून संपवत नाही.

याहून मोठं उत्तर रचनेत आहे. आनंदाची आज्ञा झाली, पण आनंद होत नाही. स्वर्ग गप्प आहे. हालेलूयाचा घोष होतो तो पुढच्या अध्यायात. आज्ञा आणि घोष यांच्यामध्ये कवीने चार वचनं घातली आहेत, आणि माझ्या वाचनात ती या अध्यायाचा गाभा आहेत.

एक बलवान देवदूत जात्याच्या तळीएवढा धोंडा उचलतो आणि समुद्रात फेकतो: अशीच ती नगरी फेकली जाईल, पुन्हा सापडणार नाही. कृती यिर्मयाकडून आलेली आहे. बाबेलविरुद्धचं भविष्य लिहिलेल्या गुंडाळीला धोंडा बांधून ती फरात नदीत टाकायला त्याने सांगितलं होतं. दंड देणाऱ्याचा हात तो हाच. आणि मग हा देवदूत बोलू लागतो. त्याचं बोलणं दंडाज्ञेसारखं सुरू होतं, पण दोन-तीन ओळींत ते वेगळंच होऊन बसतं. वीणा वाजवणारे, गाणारे, पावा आणि कर्णा वाजवणारे यांचा नाद तुझ्यात यापुढे ऐकू येणार नाही. कुठल्याही कसबाचा कारागीर तुझ्यात सापडणार नाही. जात्याचा आवाज नाही. दिव्याचा उजेड नाही. नवरदेवाचा आणि नवरीचा शब्द नाही. ‘पुन्हा नाही’ हा नकार धोंड्यापासून धरून सहा वेळा येतो, आणि प्रत्येक वेळी काहीतरी आणखी जवळचं हिरावून नेतो: आधी मैफल, मग आळीतला कारागीर, मग स्वयंपाकघर, मग खिडकीतला उजेड, शेवटी घरातलं लग्न.

आधीच्या यादीशी ही यादी ताडून पाहावी. २८ जिन्नसांतला एकही हिच्यात नाही. व्यापाऱ्यांच्या यादीत गहू आणि सपीठ होतं. देवदूताच्या यादीत जातं आहे, म्हणजे पहाटे उठून ते ओढणारे हात आहेत. त्यांच्या यादीत तेल होतं. याच्या यादीत दिवा लागला आहे. त्यांच्याकडे हस्तिदंत आणि मौल्यवान लाकूड. याच्याकडे ते घडवणारा कारागीर. जे रडत होते त्यांना नगरीत राहणारी माणसं दिसलीच नव्हती. ती दिसली धोंडा फेकणाऱ्याला. जात्याचा आवाज म्हणजे वस्ती जागी झाल्याची खूण, हे ओव्यांच्या मुलखातल्या वाचकाला निराळं समजावून द्यायला नको. तीन गटांनी मिळून जो टाहो फोडला, त्यात नगरीत राहणाऱ्यांसाठी एकही अश्रू नव्हता. खरं शोकगीत म्हटलं ते तिला बुडवणाऱ्याने.

ही शब्दकळा आली कुठून, हे कळलं की अंगावर काटा येतो. यिर्मयाच्या २५ व्या अध्यायात वराचा आणि वधूचा शब्द, जात्याचा आवाज, दिव्याचा उजेड हे सगळं नाहीसं होण्याची धमकी आहे, आणि ती पहिल्यांदा दिली गेली आहे यहूदाला, त्याच्या स्वतःच्या लोकांना. यिर्मयाने आपल्याच गावासाठी काळीज तोडून उच्चारलेले हे शब्द. त्या गावाचा नाश बाबेलने केला. सहा-सात शतकांनी योहान शत्रूच्या नगरीवर दंड घोषित करायला बसला, तेव्हा त्याने आपल्या घरच्या शोकाचे शब्द काढून तिला दिले. शत्रूच्या घरातल्या नवरीचा आवाज बंद पडणं हेसुद्धा आपल्या घरातल्या नवरीच्या शब्दांतच सांगायचं, याला सूड म्हणणं मला जमत नाही. यिर्मयाने लग्न आधी ठेवलं होतं, दिवा शेवटी. योहानाने क्रम बदलला, वीणा आणि कारागीर नव्याने घातले, आणि लग्न अगदी शेवटी नेलं. ते का, हे पुढच्या अध्यायात उलगडतं.

या शोकाने दंड मात्र तसूभरही कमी होत नाही. नवरीचा शब्द उच्चारल्यावर देवदूत त्याच दमात आरोपपत्र वाचतो: तुझे व्यापारी पृथ्वीचे थोर लोक होऊन बसले, तुझ्या चेटकाने राष्ट्रं फसली. आणि शेवटचं वचन म्हणतं की तिच्यात रक्त सापडलं: संदेष्ट्यांचं, पवित्र जनांचं, आणि पृथ्वीवर मारल्या गेलेल्या सगळ्यांचं. त्या ‘सगळ्यांचं’पाशी मी दर वेळी थांबतो. छळ झालेल्या एका लहान पंथाचा माणूस लिहितो आहे. आपल्या हुतात्म्यांपाशी तो थांबला असता तर कुणी नावं ठेवली नसती. पण रोमच्या रस्त्यांवर, खाणींत, आखाड्यांत मेलेल्या, ज्यांचा देव कोणता हेही त्याला ठाऊक नाही अशांनाही तो फिर्यादींच्या यादीत घालतो. मालाच्या यादीत सर्वांत खाली जे जीव होते, त्यांची जागा इथे झाली. करुणा आणि न्याय ही दोन टोकं मानायची आपल्याला सवय आहे. या चार वचनांत मात्र त्याच मुखातून शोक निघतो आणि आरोपही, आणि दोन्ही एकमेकांना खोटं पाडत नाहीत.

यानंतर हालेलूया. पूर्ण नव्या करारात हा शब्द फक्त १९ व्या अध्यायात येतो, चार वेळा. आणि त्याच घोषात कोकऱ्याच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या, लग्नाची वर्दी येते. शेवटी नेऊन ठेवलेल्या नवरीचा शब्द आता पुढे चालू होतो. तिला तलम ताग नेसायला मिळतो, पण तो विकत घेतलेला नाही. पवित्र जनांची नीतीची कृत्यं हाच तो ताग, असा कवीचा खुलासा आहे. २१ व्या अध्यायात नवी यरुशलेम उतरते तेव्हा सोनं, रत्नं, मोती सगळं परत येतं, वेशी आणि रस्ते होऊन. जीवनाचं पाणी फुकट आहे. दूर उभे राहून रडलेले पृथ्वीचे राजेसुद्धा आपलं वैभव घेऊन आत येतात, आणि वेशी कधी बंद होत नाहीत. भीतीने लांब राहिलेल्यांना आत घेणारा हा शेवट ज्यांनी नुसता धूर बघून पुस्तक मिटलं त्यांच्या नजरेतून सुटतो.

एका ठिकाणी मात्र मी कवीवर नाराज आहे. नव्या नगरीत नवरी आहे, दिव्याची गरज उरलेली नाही. पण जातं ओढणारी आणि कारागीर यांची खबर लागत नाही. झाडाला बारा महिने फळं धरतात म्हणून दळण नको, एवढाच तर्क करता येतो. आणि तिथे समुद्रही राहिलेला नाही. समुद्र म्हणजे त्याच्या परंपरेत गोंधळ आणि संकट, पात्मच्या बेटावर अडकलेल्या माणसाला तर तो आप्तांपासून तोडणारं पाणीच, हे सगळं मान्य. तरीही राजांना ज्याने वेशीतून आत घेतलं, त्याने डोक्यात धूळ घातलेल्या त्या खलाशांसाठी एखादा धक्का बांधायला हवा होता, असं मला वाटतं.